अर्ध्या हवेची ट्यूब

आमचं घर डाळ मिलच्या वर आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, खाली मिल आणि ऑफिस, वर आम्ही. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या मावशा म्हणाल्या, नशीब काढलंस हिना, नवरा दुपारी गरम जेवायला घरी येईल. येतो ना. पण मिल तर दिवसभर घरात असते. सकाळी आठला पट्टे फिरायला लागले की फरशी थरथरते, मांडणीतली भांडी एकमेकांशी कुजबुजतात. संध्याकाळी सातला मिल थांबली तरी माझ्या तळपायांना अर्धा तास खरं वाटत नाही.

बारा वर्षं झाली याला. मूलबाळ नाही. सासूबाई कधीच गेल्या. सासरे अमृतलालजी, त्यांना मी बाबूजी म्हणते, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाने अंथरुणाला खिळले. उजवी बाजू गेली आणि बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. त्या दोन-चारातला त्यांचा लाडका शब्द म्हणजे "सुई".

बाबूजींकडे तरुणपणी इंदूरहून आणलेला रेकॉर्ड प्लेअर आहे आणि जुन्या स्तवनांच्या सात-आठ तबकड्या. दिवसभर तेच ऐकायचं. अर्पितने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना एक छोटा स्पीकर आणून दिला, त्यात म्हणे हजार स्तवनं. बाबूजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना तबकडी फिरताना दिसायला हवी, म्हणून प्लेअर पलंगाच्या डाव्या अंगाला टेबलावर. आणि खाली मिल. चाळण्यांनी जोर धरला की वर सुई उडणार, एकच ओळ दहा-दहा वेळा घोकणार, आणि बाबूजी हाक मारणार. मग मी कणकेचा हात धुऊन धावायचं, सुई उचलायची, पुढे ठेवायची. दिवसातून तीस वेळा, चाळीस वेळा. अर्पितने हात लावलेला त्यांना चालत नाही, तो ओरखडे पाडतो. त्यांचं अंग पुसायला, भरवायला वच्छलाबाई येते. तिला म्हटलं शिकून घे, तर ती दोन पावलं मागे सरली. "माले ते जमाव नही, अक्का," म्हणाली, आणि विषय संपला. दोन वर्षांत मी सलग एक तास घराबाहेर काढलेला नाही. देवदर्शनाला गेले तरी कान घरी.

मार्चमध्ये धुळ्याहून भावाचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन ठरलं होतं. माझी आई जतनबाई, सत्त्याहत्तर वर्षांची, साखरेची पेशंट. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. मी अर्पितला म्हटलं, मला दोन दिवस जायचंय. तो वाईट माणूस नाही, तेवढंच त्याचं कौतुक. जा ना, म्हणाला, आणि लगेच म्हणाला, पण बाबूजींच्या सुईचं काय? माझी आई तिकडे मरणाला टेकलीय आणि इकडे सुई. त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही. मुद्दाम.

मग मी नासीरभाईंना फोन केला. पूर्वी त्यांचं रेडिओ-टेपचं दुकान होतं, आता मोबाईल दुरुस्तीचं आहे, पण जुन्या मशीनचं नाव काढलं की माणूस खुलतो. आले, बाबूजींना सलाम केला, टेबलावर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, मशीन ठणठणीत आहे भाभी, जमीनच आजारी आहे.

तीन दिवस ते येत होते. पहिल्यांदा चौपदरी बारदान घातलं, काही फरक नाही. मग गादीचा फोम घातला, तर प्लेअर बैलगाडीसारखा डुलायला लागला आणि सुई जास्तच उडाली. मी म्हटलं, नासीरभाई, तुम्ही दुरुस्त करताय की वाढवताय? ते हसले. तिसऱ्या दिवशी सायकलची जुनी ट्यूब आणि कडप्प्याची एक जाड फरशी घेऊन आले. टेबलावर ट्यूब, ट्यूबवर कडप्पा, कडप्प्यावर प्लेअर. ट्यूबमध्ये हवा अर्धीच. पोटभर भरली तर ती दगडासारखी होते आणि खालचा धक्का जसाच्या तसा वर देते, ते म्हणाले. अर्धपोटी ठेवली तर तो धक्का स्वतःच गिळते. पाण्याची वाटी ठेवून त्यांनी फरशी समतल केली. खाली मिल पूर्ण जोरात, ट्रकमध्ये पोती पडत होती, आणि वर तबकडीची पहिली बाजू सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायली. एकदाही अडखळली नाही. वच्छलाबाई दारात उभी राहून ऐकत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते स्तवनाने आलेलं नव्हतं.

बाबूजी मात्र गप्प होते. मला वाटलं, ऐकण्यात रमलेत.

लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरवलं. ती अमावास्या होती. अमावास्येला आमचे हमाल पोत्याला हात लावत नाहीत, म्हणून मिल बंद, अर्पितही मोकळा. चुलतसासूने फोनवर ऐकवलं की अमावास्येला बाईने घराबाहेर पडू नये. मी म्हटलं, बारा वर्षं घरात राहून कोणता मुहूर्त साधला?

माझं कपाट बाबूजींच्या खोलीत आहे. त्यांच्यासमोरच मी बॅग भरली. आता खरं सांगते. घरात सगळ्यांना सांगितलं होतं दोन दिवस. मनात दोन दिवस नव्हते. भावाच्या ओळखीच्या शाळेत नोकरीची जागा रिकामी होती, आईला माणूस लागणारच होतं, आणि एकदा का त्या जिन्यावरून उतरले की पुन्हा चढायचं नाही, असं मी बॅगेची चेन ओढताना ठरवून टाकलं होतं. अर्पितला फोनवर सांगणार होते. समोर सांगायची छाती नव्हती.

सकाळी अर्पित मिलचा पट्टा बदलायला माणूस आणायला गेला. वच्छलाबाई येतच होती. मी तबकडी लावली, बाबूजींच्या पाया पडले, येते म्हटलं, आणि बॅग उचलली. दाराशी चपला घालते तोच आतून हाक आली. सुई.

धावले. सुई एकाच शब्दावर नाचत होती. पुढे ठेवली, दाराशी आले. पुन्हा हाक. पुन्हा पुढे ठेवली. तिसऱ्यांदा मी नासीरभाईंच्या ट्यूबला शिव्या घालत आत आले आणि मध्येच थबकले. तळपायाला काहीच लागत नव्हतं. फरशी गार आणि मुकी होती. मिल बंद होती. मग सुईला उडवतंय कोण?

मी सुई ठेवली, येते हं बाबूजी, म्हणाले, चपला वाजवत जिन्याच्या चार पायऱ्या उतरले. मग चपला हातात घेऊन परत वर आले आणि दाराच्या फटीतून पाहिलं.

बाबूजींचा डावा पाय, तेवढा एकच चांगला राहिलेला पाय, पांघरुणातून हळूहळू बाहेर आला. अंगठा कडप्प्याच्या कडेला लागला. त्यांनी दात आवळले आणि ढकललं. खालच्या धक्क्याला ट्यूब पुरी पडत होती, बाजूने ढकलल्यावर काय करणार बिचारी? कडप्पा डोलला आणि सुई उडाली.

आधीच्या दोन वर्षांत किती वेळा मिल होती आणि किती वेळा हा पाय, देव जाणे. मला त्यांचा इतका राग आला की प्लेअर खिडकीतून फेकावासा वाटला. मी दार ढकलून आत गेले. त्यांनी पाय मागे घेतला नाही, तसाच कडप्प्यावर ठेवला.

मी म्हटलं, "बाबूजी, माझी आई आहे तिकडे. दोन दिवस तरी सोडा मला."

त्यांनी माझ्या हातातल्या बॅगेकडे पाहिलं. ओठ जुळवायला त्यांना फार वेळ लागला.

"दोन दिवसांना," ते म्हणाले, "आठ ड्रेस?"

जन्मभर पोती मोजलेला माणूस. पडल्या पडल्या त्याने माझ्या घड्या मोजल्या होत्या.

खोटं बोलायला माझ्याकडे शब्द होते, नाही असं नाही. दवाखान्यात कपडे खराब होतात, तिथे धुवायची सोय नसते, असं काहीही सांगता आलं असतं. पण ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते तिच्यात हुकूम नव्हता, नुसती भीती होती. ती माझ्या ओळखीची होती. रोज सकाळी आठला मिल सुरू होते तेव्हा मला वाटते तीच.

मी बॅग पलंगावर ठेवली आणि उघडली. एक ड्रेस काढला, कपाटात ठेवला. दुसरा ठेवला. बाबूजी बघत होते. तबकडी एकाच शब्दावर अडकून ओरडत होती, ती मी तशीच ओरडू दिली. तिसरा, चौथा, पाचवा. सहावा ठेवताना माझा हात थांबला, मग ठेवला. कपाटाचं दार लावलं.

तेव्हा त्यांनी पाय काढून पांघरुणात घेतला.

"जा," बाबूजी म्हणाले. "बस चुकेल."