तिसऱ्या पायरीखालची चावी

आमच्या घराला पाच पायऱ्या आहेत. तिसरीच्या खाली कॉफीचा लाल डबा असतो आणि डब्यात पुढच्या दाराची चावी. हे आता निम्म्या देशातल्या ट्रकवाल्यांना माहीत आहे, कारण माझ्या बहिणीचं, शेल्बीचं गाणं बेचाळीस आठवडे रेडिओवर वाजत होतं. ते ज्याला कळावं म्हणून लिहिलं, त्याला कळलं की नाही, हे मात्र ऑक्टोबरपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हतं.

तो म्हणजे डॉर्सी, आमचा मोठा भाऊ. खाणीत पाठ दुखावली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्या गोळ्या त्याला सुटल्या नाहीत. चार वर्षांपूर्वी, डॅडी जाऊन तीन महिने झाले असताना, त्याने डॅडींचा बँजो विकला. दुसऱ्या दिवशी ममाने कुलूप बदललं. संध्याकाळी तो आला. जुनी चावी लावून पाहिली, मग दार ठोकायला लागला. ममा आत सोफ्यावर बसून होती. तिच्या शेजारी मी. अठरा मिनिटं तो ठोकत होता. मला घड्याळाकडे बघायची सवय आहे. मग आवाज थांबला. त्यानंतर त्याचा फोन नाही, पत्र नाही. कुणी म्हणायचं टेक्सासमध्ये ट्रक चालवतो, कुणी आणखी वाईट काहीतरी म्हणायचं.

मी काउंटीतल्या ओढ्यांच्या पाण्याचे नमुने तपासते. शेल्बी नॅशव्हिलमध्ये, गाण्याच्या धंद्याच्या शहरात, दहा वर्षं गात होती आणि दहा वर्षांत तिचं एकही गाणं चाललं नव्हतं. ट्रकमध्ये रेडिओ असतोच, एवढ्या एका आधारावर तिने डॉर्सीसाठी गाणं लिहिलं. नॅशव्हिलमध्ये गाणं एकट्याने पुरं करत नाहीत. सकाळी अकराला एका खोलीत तिघं बसतात आणि जेवायच्या वेळेपर्यंत गाणं तयार होतं. त्या खोलीत गाण्यातल्या भावाचा प्रियकर झाला.

"भावासाठी गाडीत बसून कोण रडतं, शेल्बी?" त्यातला एक म्हणाला म्हणे.

"बरं. प्रियकर करा, नवरा करा, काय हवं ते करा," शेल्बी म्हणाली. "डबा, चावी आणि तिसरी पायरी, एवढ्याला हात लावायचा नाही."

खरं कुणाला सांगायचंच नव्हतं. ममाची तशी अट होती. गोळ्या, बँजो, कुलूप यातलं काही बाहेर जाता कामा नये. "आपल्या दाराआडचं रेडिओवर नको," ती म्हणाली. "त्याचं त्याला कळेल."

गाण्याचा व्हिडिओ आपल्याच घरी करायचा, ही कल्पना माझी. डॉर्सीने कुठे थांबल्यावर टीव्हीवर पाहिलाच तर त्याला घर ओळखू येईल, असा माझा हिशेब होता. तो चुकला नाही. इतरांनाही ओळखू आलं.

गाणं वर चढायला लागलं तशी माणसं यायला लागली. ओहायोहून, जॉर्जियाहून, एक जोडपं तर कॅनडातून. मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर नोंद ठेवत होते: तारीख, चावी आहे की नाही, डब्यात किती चिठ्ठ्या. चिठ्ठ्या लोक आपणहून टाकायचे. 'टॉड, मी अजून वाट बघतेय.' 'बेबी, माझं चुकलं.' आणि जाताना पुष्कळजण चावी घेऊन जायचे.

जूनमध्ये एका बाईला ममाने खिडकीतून हटकलं. "ए ताई, ती चावी ठेव जागेवर."

"अय्या, तुम्ही राहता इथे?" बाई दचकली. "मला वाटलं, आठवण म्हणून ठेवल्यात."

"आठवणच आहे. ठेव."

बाईने चावी ठेवली आणि वर ममाबरोबर फोटो काढून मागितला. ममाने दिलाही. ममा कुणाला नाही म्हणत नाही. आयुष्यात एकालाच म्हणाली.

गावातला हार्डवेअरवाला क्लाइड चाव्या कापून कापून कंटाळला. "ग्लेना, घर आहे का हॉटेल तुझं? अर्ध्या देशाकडे तुझ्या दाराची चावी आहे. कुलूप तरी बदल."

"कुलूप नाही बदलायचं मला," ममा म्हणाली. "तू काप. एक डझन दे."

ती दर तीन-चार तासांनी डबा बघायची. चावी नसली की एप्रनच्या खिशातली टाकायची. सप्टेंबरअखेर माझ्या नोंदीत एकशे सात चाव्या गेल्या होत्या, आणि डबा रिकामा राहिला असा सलग वेळ चार तासांच्या वर एकदाही नव्हता. या आकड्यावर माझी भिस्त होती.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेल्बीचा फोन आला. गाणं तिसऱ्या क्रमांकावर होतं, आणि तिचा आवाज एखाद्याचं ऑपरेशन ठरल्यासारखा.

"नोरा, पुढच्या आठवड्यात कंपनीवाले गाणं पहिल्या नंबरावर नेणार."

मागच्या तीन वर्षांतल्या पहिल्या क्रमांकाच्या गाण्यांचे आलेख मी काढून बसले होते. चढण लांब, वर्षभराची. टोकाला एखादा आठवडा. त्यानंतर थेट कडा. कंपनी एका आठवड्यात सगळ्या स्टेशनांना गळ घालते, गाणं पहिलं येतं, कौतुकाचा फलक मिळतो, आणि सोमवारी स्टेशनवाले ते काढून पुढच्याच्या गाण्याला जागा देतात. कंपनीही पुढचं गाणं काढते. आठवड्याला चार हजार वेळा वाजणारं गाणं दोन-तीन आठवड्यांत शे-दोनशेवर येतं.

"हॅलला सांग ना, इतक्यात वर रेटू नका म्हणून," मी म्हटलं. हॅल म्हणजे कंपनीचा माणूस, स्टेशनांशी बोलणं त्याच्याकडे.

"सांगितलं. म्हटलं, मला दहावा नंबर पुरे. जमेल तितके दिवस दहावाच ठेवा. तो इतका हसला, नोरा. म्हणाला, 'पोरी, सव्वीस वर्षांत लोकांनी माझ्याकडे काय काय मागितलं, पण हे कुणी मागितलं नव्हतं.'"

"मग?"

"मग काय, म्हणाला, 'जरा झोप. आनंदाने असं होतं कधीकधी.'"

खरं कारण ती सांगू शकत नव्हती. मी ममाकडे पाहिलं. ममा शेंगा सोलत होती. शेंगा सोलतच तिने मान हलवली. नाही.

गाणं पहिलं आलं. नॅशव्हिलमध्ये मंगळवारी दुपारी सोहळा ठरला. घरच्यांनी यायलाच हवं, असा कंपनीचा आग्रह. ममा घर सोडायला तयार नव्हती.

"मी फलक हातात घेऊन एकटी उभी राहू का?" शेल्बी फोनवर रडली. "तुला पोरं तीन आहेत, ममा. एकच नाही."

ममाने मिस विल्मांना बोलावलं. मिस विल्मा शेजारच्या घरात दोन वर्षांपूर्वी राहायला आल्या. वय सत्तरच्या पुढे, पाय सुजलेले, पण माणूस भरवशाचं. मी त्यांना पाकिटात सहा चाव्या दिल्या. दर दोन तासांनी डबा बघायचा, नसली तर टाकायची, कागदावर वेळ लिहायची.

"अगं, मी इथे ओसरीवर खुर्ची टाकूनच बसते," त्या म्हणाल्या. "बघू कोण हात लावतो डब्याला!"

नॅशव्हिलला पोचायला साडेपाच तास लागले. सोहळ्यात डुकराच्या मांसाचे सँडविच होते, भाषणं होती. हॅलने ममाच्या पाठीवर थाप मारून विचारलं, "काय मॅडम, कोण तो नशीबवान? कुणासाठी लिहिलंय पोरीने?"

"असेल कुणीतरी," ममा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी पोचलो. शेल्बीही सोबत आली होती. मिस विल्मा ओसरीवरच होत्या, मांडीवर पाकीट. पाकिटात सहाच्या सहा चाव्या.

"एकसुद्धा जाऊ दिली नाही," त्या अभिमानाने म्हणाल्या. "तुम्ही गेलात तशी डब्यातलीही काढून खिशात ठेवली. काय करतेस रोज रोज चोरांना वाटून! येईल त्याला सांगितलं, चावी नाही, चिठ्ठी टाकायची तर टाक."

ममाने पायरीवरच बसून डबा ओढला. "किती जण आले?"

"काल नऊ. आज दोन. सगळे भले होते. एक मात्र जरा विचित्र. दाढीवाला, उंच. म्हणाला, 'ग्लेना आहे का?' म्हटलं, सगळे नॅशव्हिलला गेलेत, मोठा सोहळा आहे. मग त्याने डब्यात हात घातला. मी ओरडले ना, की चावी नाही बाबा, सगळ्यांना तेच सांगते, तू काही वेगळा नाहीस. तर म्हणाला, 'बरोबर आहे, मॅम.' पेन माझ्याकडूनच घेतलं. जाताना दाराला नुसता हात लावला. ठोकलं नाही हं. लावला आणि गेला."

ममा चिठ्ठ्या एकेक करून पायरीवर ठेवत होती. सातवी चिठ्ठी डिझेलच्या पावतीच्या मागे लिहिलेली होती. डॉर्सीचं अक्षर डावीकडे कलतं. शाळेत त्यासाठी त्याने मार खाल्ला होता.

'ममा, गाणं माझं आहे असं मला वाटलं होतं. प्रेमाचं आहे म्हणून खात्री नव्हती, पण डबा आपला होता. येऊन पाहिलं. चावी नव्हती. असू दे. एकोणीस महिने झाले, काही घेतलेलं नाही. शेल्बीला सांग, चांगलं गाते. डी.'

पावतीवर मंगळवारची तारीख होती, सकाळी दहा वाजून सहा मिनिटं, नॉक्सव्हिलच्या बाहेरचा पंप. पैसे रोख दिलेले. नाव नाही, गाडीचा नंबर नाही. मी कागद तीनदा उलटा-सुलटा करून पाहिला, नमुना हातात आल्यावर बघते तसा. पंपावर फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "ताई, सकाळी इथे दोनशे ट्रक भरतात."

मिस विल्मांना मग कळलं. "मला कुणी सांगितलं असतं तर..." त्या म्हणाल्या आणि तोंडावर हात ठेवून बसल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, हे खरंच होतं.

ममा उठली. "शेल्बी, फोन लाव," ती म्हणाली. "सगळ्या रेडिओवाल्यांना सांग. भाऊ आहे म्हणावं. गोळ्यांचं सांग. मी दार उघडलं नाही, तेही सांग. काही ठेवू नकोस."

शेल्बीने स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून चार दिवस फोन केले. मी यादी करून देत होते: महामार्गावर कुठल्या स्टेशनचा आवाज कुठवर पोचतो, कुठली ट्रकवाले ऐकतात. "एकदाच वाजवा, आणि आधी मला अर्धं मिनिट बोलू द्या." लोक गोड बोलायचे. मोठ्या स्टेशनांची यादी वरून ठरून येते. कुणी म्हणालं, "छान चाललं गं तुझं, आता नवीन पाठव." हॅलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे मला दोन आठवडे आधी सांगायचंस, पोरी. हे सांगून तर मी अजून दहा आठवडे काढले असते." त्यानेही फोन केले. बारा स्टेशनं कबूल झाली. त्यातलं सगळ्यात जोरकस, चाळीस मैल पोचतं.

शेल्बीने सगळं सांगणारा व्हिडिओ फोनवरून इंटरनेटवर टाकला. आठवड्यात एकतीस डॉर्सी सापडले. एकाला पैसे हवे होते, एकाला शेल्बी. आमचा एकही नव्हता. चार हजारचे आठवड्याला नऊशे झाले, मग दोनशे दहा. माझा आलेख तंतोतंत बरोबर निघाला, आणि तो मी फाडून चुलीत घातला.

शनिवारी सकाळी ममाने मला हाक मारली. ती दारापाशी उभी होती.

"पेचकस आण."

"कशाला?"

"कुलूप काढायचंय."

"दुसरं बसवायचं का? क्लाइडकडून..."

"दुसरं नाही. काहीच नाही बसवायचं."

"ममा, लोक येतात रोज. आत शिरतील."

"शिरू दे."

दोन स्क्रू गंजले होते, त्यांना तेल घालावं लागलं. कुलूप निघालं तेव्हा दाराला वाटीएवढं भोक पडलं आणि त्यातून थेट रस्ता दिसायला लागला. दार आता लागून राहत नव्हतं, वाऱ्याने आपटत होतं. ममाने टॉडच्या आणि बेबीच्या आणि आणखी कुणाकुणाच्या चिठ्ठ्यांची चळत घडी करून चौकटीत दाबली. दार हलकं अडकून राहिलं.

"फार घट्ट नको," ती म्हणाली.

मग ती मागच्या दाराने बाहेर गेली आणि घराला वळसा घालून पुढे आली. भोकातून मला ती दिसत होती. फाटकापासून चालत आली, पायऱ्या चढली, तिसरीवर थांबली, खाली वाकली नाही, वर आली आणि तळहात दाराला नुसता लावला. दार उघडलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "अजून थोडं सैल कर," ती म्हणाली. "त्याने लावला होता त्यापेक्षा मी जरा जोरात लावला."

मी एक चिठ्ठी काढून घेतली. ममा पुन्हा पायऱ्या उतरली.