खंडेनवमीला गंजलेली कानस

मित्रांनो, मी एक जुनी कानस आहे. लोखंड घासून गुळगुळीत करणे हा माझा धंदा, त्यामुळे माझा स्वभावही जरा खरखरीतच. कारखान्यात माझ्या अंगावर दात पाडले, मला लाल होईपर्यंत तापवले आणि एकदम गार केले. तेव्हापासून मी वाकत नाही, तुटते.

पिंपरीत दिलीपरावांनी मला वर्षानुवर्षे चालवले. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, एका छोट्या गोल कानशीला, आपल्या मुलीच्या हाती सोपवले. संजीवनी सिंगापूरच्या विद्यापीठात संशोधन करते. तिथल्या वर्कशॉपमध्ये आम्ही थाटात राहिलो.

मग खंडेनवमी आली. संजीवनीने आम्हाला ओले गंध लावले, हळदकुंकू वाहिले आणि फुलांसकट कपाटात ठेवून दिले. इथली हवा बारा महिने दमट. देवपण आमच्या चांगलेच अंगाशी आले. गंजाने दात खाल्ले.

दिलीपराव मुलीकडे राहायला आले, तेव्हा त्यांनी आम्हाला पाहिले. ते रागावले नाहीत, नुसते माझ्या गंजलेल्या दातांवरून अंगठा फिरवत राहिले. मला त्याचेच जास्त वाईट वाटले.

"यांच्या लाकूड तासायच्या पटाश्या करू," शेवटी ते म्हणाले. "माझे हात आता थरथरतात. चिमटा तू धर."

आधी धाकटीची पाळी. ती वर्कशॉपच्या भट्टीतून लाल होऊन निघाली आणि संजीवनीने घाईत तिला पाण्याच्या बादलीत बुडवले. 'टिक्' असा आवाज झाला. धाकटी उभी तडकली.

"पाणी नको गं, तेल," दिलीपराव हळूच म्हणाले.

"बाबा, दुसरी राहू दे. हीही गेली तर तुमचं काहीच उरणार नाही."

"कपाटात गंजून तरी काय उरणार आहे?"

मी नरम पडावे म्हणून मला तापवून राखेत सावकाश निवू दिले. ग्राइंडरवर दात गेले, धार निघाली. मग पुन्हा कडक होण्यासाठी भट्टी. तेलाचा डबा समोर आला तेव्हा मी घाबरले होते, लपवत नाही. संजीवनीने मला सरळ आत सोडले. धूर उठला. पुन्हा 'टिक्' झाले.

तिने डोळे मिटून घेतले. दिलीपरावांनी मला पुसले, कानाशी धरून नखाने वाजवले. मी खणखणीत वाजले. मघाचा 'टिक्' तापलेल्या डब्याचा होता.

"उघड डोळे," ते म्हणाले. "आता ओव्हनमध्ये शेकू, म्हणजे धार तुटायची नाही."

यंदाच्या खंडेनवमीला मला कोरड्या कुंकवाची चिमूट मिळाली. दसऱ्याला दिलीपरावांचा पिंपरीहून फोन आला.

"पुसलीस का?"

"पुसली बाबा. तेलही लावलं."

मित्रांनो, हत्याराची पूजा जरूर करा, पण फुले उतरवताना फडके आणि तेल जवळ असू द्या. माझी धाकटी बहीण अजून त्याच कपाटात आहे, दोन तुकड्यांत. संजीवनी तिलाही पुसते.