पाठीवरची बटणं

टाचणी अडीच वर्षांची झाली आणि तिला बालवाडीत कधी घालायचं यावरून घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात तिची आई, दुसऱ्या पक्षात आजोबा, म्हणजे टेलरमास्तर. जावई शहाणा होता. तो कुठल्याच पक्षात गेला नाही.

टाचणीचा दिवस आजोबांच्या दुकानात जायचा. मशीनखाली बसून चिंध्या गोळा करायच्या, गिऱ्हाइकाच्या पायाला टेप लावून "पाच!" असं माप सांगायचं. पाय कुणाचाही असो, माप पाचच. मास्तर गंभीरपणे मान डोलवायचे. बायको गेल्यापासून त्या दुकानात इतकं बोलणारं कुणी नव्हतं, आणि पोर बालवाडीत गेली की मशीनच्या खडखडाटाशिवाय काही ऐकू येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण हे बोलून कोण दाखवतं?

अशात बालवाडीच्या बाईंनी सांगितलं, "मूल स्वतःची बटणं स्वतः लावत असेल तर आत्ताच पाठवा. नाहीतर वर्षभर थांबा. वीस मुलं आणि मी एकटी."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं मास्तरांचं झालं. "हिला एक बटण लावता येत नाही," त्यांनी लेकीला सांगून टाकलं. "पुढच्या वर्षी बघू."

ते खोटंही नव्हतं. टाचणी दोन्ही हात पाठीमागे नेऊन धडपडायची, चिडायची, आणि शेवटी आजोबांकडे पाठ करून उभी राहायची. मग मास्तर चष्मा सारखा करून तिची तीन बटणं लावून द्यायचे. दिवसातलं त्यांचं हे सगळ्यात आवडतं काम.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी लेक कामावरून थेट दुकानात आली. टाचणी कोपऱ्यात गप्प होती, म्हणजे नक्की काहीतरी उद्योग चालू होता. गिऱ्हाइकाचा कोट मांडीवर ओढून, जीभ बाहेर काढून ती त्याची बटणं लावत होती. चार लावून झाली होती, पाचवं चाललं होतं.

लेक बघत राहिली. मग तिने टाचणीला वळवून तिच्या पाठीवरची बटणं पाहिली. खुंटीवर मास्तरांनी तिच्यासाठी शिवलेले दोन नवे फ्रॉक होते, त्यांचीही बटणं मागेच.

"बाबा, माझ्या फ्रॉकची बटणं पुढे असायची."

चोराच्या मनात चांदणं. मास्तर सुईत दोरा ओवायला लागले. दोरा आधीच ओवलेला होता.

"फॅशन बदलते," ते म्हणाले.

"बाबा!"

मास्तरांनी सुई खाली ठेवली. "तुला बालवाडीत पाठवलं तेव्हा तू हिच्याहून लहान होतीस. तुझी आई ते वर्षभर अंथरुणाला खिळलेली, तुझं आवरायला कुणी नाही. म्हणून पुढे बटणं केली. दारात सोडलं तर तू केवढी रडलीस, आणि मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उचलून घरी आणलं असतं. ते रडणं अजून कानात आहे गं माझ्या."

लेक त्यांच्याजवळ स्टुलावर बसली. "मला रडलेलं काही आठवत नाही. बटणं आठवतात. लाल होती, मोठ्ठी. बाईंनी विचारलं, कुणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या बाबांनी. मग दिवसभर सगळ्या मुलांची बटणं लावत फिरले."

मास्तरांनी नाक शिंकरलं. दुकानात कापडाची धूळ असतेच. मग त्यांनी नवा फ्रॉक बेतायला घेतला, आणि लाल बटणांचा डबा टाचणीपुढे ठेवून म्हणाले, "निवड."

पहिल्या दिवशी टाचणीने बटणं स्वतः लावली, पण एक घर चुकवून. फ्रॉक एका बाजूने वर, एका बाजूने खाली. मास्तरांचा हात पुढे झाला, तो त्यांनी मुकाट्याने खिशात घातला.

बालवाडीच्या दारातून ती बाईंचा हात धरून आत निघाली. रडली नाही, मागेही पाहिलं नाही. मास्तर मात्र जागचे हलले नाहीत. चार पावलांवर टाचणी थांबली, गळ्याशी चाचपून धावत परत आली.

"आजोबा, एक उरलं!"

"राहू दे," मास्तर म्हणाले. "ते घरी आल्यावर आपण दोघं लावू."

तिला ते पटलं. ती पुन्हा आत गेली, आणि दार लागेपर्यंत मास्तर तिच्याकडे बघत उभे राहिले.