आई आत झोपलीय

बेबीचं वय एकोणचाळीस. कानांवरचे केस पांढरे झाले होते, बारीक अक्षरांना चष्मा लागत होता, पण लहानपणी पडलेलं नाव काही सुटलं नाही. घरात बेबी, जिन्यात बेबी, कामावर लॉन्ड्रीतही बेबीच. तिची बुद्धी हळू चालायची. हळू चालायची, थांबलेली नव्हती. हा फरक तिच्या आईला पक्का ठाऊक होता, बाकीच्यांना तो सोयीनुसार आठवायचा.

आईचं हृदय कमजोर झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून आईने रडत बसण्याऐवजी लेकीची शिकवणी सुरू केली. गॅसची शेगडी काढून टाकली, विजेची आणली. भात किती पाण्यात लावायचा, अंडी कधी उतरवायची, बस कुठली पकडायची, किल्ली गळ्यातून काढायची नाही, सगळं दिवसातून दोनदा घोकून झालं. बेबी कंटाळायची, रुसायची, भांडी आदळायची. आई मात्र हटायचं नाव घेत नव्हती.

त्यातली दाराची तालीम तर बघण्यासारखी असायची. आई चपला घालून जिन्यात जायची, दार ओढून घ्यायची आणि बेल वाजवायची. मग घसा खाकरून जाड आवाज काढायची, “मीटर बघायचाय, दार उघडा!” बेबीने साखळी लावूनच दार बोटभर उघडायचं आणि म्हणायचं, “आई आत झोपलीय. नंतर या.”

सुरुवातीला बेबीची हसून हसून पुरेवाट व्हायची. “आई, तुझा गाऊन दिसतोय!”

“मी आई नाही, मीटरवाला आहे. चल, पुन्हा.”

मीटरवाल्यामागून कुरिअरवाला यायचा, मग सर्वेक्षणाची बाई, मग नळवाला. नळवाला आईला फक्कड जमायचा. त्याला ती कायम सर्दी झालेली दाखवायची.

एकदा बेबीने रास्त शंका काढली. “पण आई, तू झोपलेली नसतेस. तूच म्हणतेस खोटं बोलायचं नाही.”

आई धापा टाकत उंबऱ्यातच बसली. “हे खोटं नाही गं, हे कुलूप आहे. आपण घरात एकटे आहोत हे परक्याला कधी कळू द्यायचं नाही. घरच्या माणसाशी मात्र खरंच बोलायचं. समजलं?”

“समजलं.”

“आणि परक्यांसमोर रडायचं?”

“नाही.”

हा दुसरा नियम जुना होता. बेबी विशीत असताना एकदा चुकीच्या थांब्यावर उतरली आणि तिथेच रडत उभी राहिली. एक भला दिसणारा माणूस जवळ आला, चल तुला घरी सोडतो म्हणाला आणि तिचं मनगट धरून भलत्याच रस्त्याने निघाला. एका भाजीवालीने आरडाओरडा केला म्हणून निभावलं. तेव्हापासून रडू आलं की बेबी ते गिळायची, घरी यायची, साखळी लावायची आणि मग आईच्या मांडीवर मोकळी व्हायची.

इतकं सगळं शिकवताना आईकडून एक गोष्ट मात्र राहिली. आपण खरंच नसू तेव्हा दारात काय म्हणायचं, ते तिने सांगितलं नाही. विसरली म्हणावी तर ती विसरणाऱ्यातली नव्हती. बहुधा तेवढं बोलायला तिचीही जीभ रेटली नसावी.

एका सकाळी बेबी चहा घेऊन गेली तर आई उठली नाही. बेबीने हाक मारली, गालाला हात लावला. गाल गार होता. तिने कप खाली ठेवला, आधी दादाला फोन लावला, मग वरच्या मजल्यावरच्या काकूंना. शिकवलं होतं तसं, त्याच क्रमाने. आईच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि तिच्या शेजारी बसून राहिली. घशात मोठा गोळा आला होता. तो फुटणार एवढ्यात काकू आल्या.

मग घर माणसांनी भरून गेलं. कोण कुठले नातेवाईक, आईच्या जुन्या ऑफिसातले लोक, जिन्यातले शेजारी. बेबी सगळ्यांना पाणी देत होती. कोणी जवळ घेतलं की ताठ उभी राहायची. “बिचारीला कळलंच नाही,” कोणीतरी हळहळलं. बेबीने ऐकलं. काय कळलं नाही, याचा तिने बराच वेळ विचार केला. सगळं तर कळत होतं. आई नव्हती आणि ती आता येणार नव्हती. हे कळत असल्यामुळेच तिच्या छातीत एवढं दुखत होतं.

माणसं पांगली, दादा मागे राहिला. दादा दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता, वर्षातून एखाददुसरी चक्कर मारायचा. मनाने चांगला. पण चांगल्या माणसांची एक खोड असते, ते काळजीने आधी घाबरतात आणि मग विचारतात. पहिल्या दिवशी तो बायकोला फोनवर म्हणत होता, “ती तिचं तिचं बरंच करते गं. काकू आहेत, लॉन्ड्री आहे. राहील ती इथे. बघू.” बेबीने हे ऐकलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

लॉन्ड्री दोन थांब्यांवर होती. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, अभ्रे तिथे यायचे. अभ्रे बेबीचे. यंत्रातून निघालेला गरम अभ्रा झटकायचा, शिवण आत घ्यायची, तोंड डावीकडे ठेवायचं, हाताने दाबून तीन घड्या. तिच्या गठ्ठ्याची कड इतकी सरळ असायची की मुकादमबाई येता-जाता त्यावर उगाच हात फिरवायच्या. त्यांचाही फोन आला होता. “बेबी, इथे डोंगर झालाय बघ. तू ये, घाई नाही, पण ये.” बेबीला जायचंच होतं. “थोडे दिवस थांब,” दादा म्हणाला होता.

तेवढ्यात एक कुरिअरवाला आला आणि सगळी चक्रं फिरली. दादा आंघोळीहून येत होता. बेबीने साखळी लावून दार बोटभर उघडलं. “आई आत झोपलीय,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “नंतर या.”

दादा टॉवेल हातात घेऊन जागच्या जागी थिजला. दार लागलं तशी बेबी शांतपणे स्वयंपाकघरात गेली आणि अंड्यांचं भांडं शेगडीवर ठेवलं. दादाने तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. तो उलट बाल्कनीत गेला, दार लोटून घेतलं आणि वहिनीला फोन लावला. काचेतून आवाज येतो हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

“अगं, तिच्या लेखी आई जिवंत आहे! झोपलीय म्हणून सांगते लोकांना. हिला मी इथे एकटी कशी सोडू?”

त्या दिवसापासून दादाचं जेवणातलं लक्ष उडालं. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “हो हो, दूधवाल्यालाही तेच सांगत होती. मी म्हटलं, दुःखात आहे, कशाला बोला.” झालं, पुरावाच मिळाला. दादाने चौकशा करून शहराबाहेरची एक संस्था शोधून काढली. अशा मोठ्या मुलांसाठी चांगली आहे, बाग आहे, डॉक्टर आहेत, असं त्याने बेबीला समजावलं.

“लॉन्ड्री आहे?” बेबीने विचारलं.

“नाही. पण रंगकाम असतं, गाणी असतात.”

“बस जाते तिकडे?”

“बसची गरजच नाही गं. तुला कुठेच जावं लागणार नाही.”

कुठेच जायचं नाही, हे दादा आनंदाची बातमी दिल्यासारखं सांगत होता. तिला तिची खाट हवी होती, तिची बस हवी होती, अभ्रे हवे होते. ती म्हणाली, “मी इथेच राहणार.” दादाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मायेचा होता, पण त्याने काहीच ऐकलं नव्हतं.

दोन दिवसांनी संस्थेच्या बाई भेटायला आल्या. दार दादानेच उघडलं, सोफ्यावर बसवलं. बाई खरंच चांगल्या होत्या. “मी तुम्हाला बेबीताई म्हटलं तर चालेल?” त्यांनी विचारलं. आजवर तिला ताई कोणी म्हटलं नव्हतं. बेबी खूष झाली. तिने त्यांच्यासाठी चहा केला, कपाखाली बशी ठेवली. बाईंनी लॉन्ड्रीबद्दल, भाताबद्दल विचारलं, त्याची उत्तरं तिने धडाधड दिली. बाई दादाकडे बघून मान डोलावत होत्या. दादाच्याही कपाळावरच्या आठ्या जराशा सैलावल्या.

मग बाईंनी कप ठेवला आणि अगदी हळुवारपणे विचारलं, “बेबीताई, आई कुठे आहेत?”

दाराबाहेरचा माणूस तिला पाठ होता, पण परकं माणूस थेट सोफ्यावर बसून चहा पितंय, ही तालीम आईने कधी घेतलीच नव्हती. बाई चांगल्या होत्या. पण थांब्यावरचा तो माणूसही चांगलाच दिसत होता. दादा उद्या-परवा जाणार, मग ती रात्रंदिवस एकटी, आणि हे या बाईंना कळलेलं चालेल का? बेबीने मनातल्या मनात आईला विचारलं. उत्तर आलं नाही. परका तो परका, असं तिने शेवटी आपलं आपणच ठरवलं.

“आत झोपलीय,” ती म्हणाली. “उठवू नका.”

दादाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंनी बेबीच्या हातावर नुसतं थोपटलं. निघताना दारात दादाला म्हणाल्या, “एक जागा रिकामी आहे. मी तुमच्यासाठी ठेवते. संध्याकाळपर्यंत कळवा.”

दार लागलं. दादा भिंतीला टेकून उभा राहिला. “बेबी,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. “आई आत नाहीये गं.”

बेबीने त्याला हातानेच थांबवलं. दाराच्या भोकाला डोळा लावून लिफ्ट खाली जाईपर्यंत वाट पाहिली. साखळी अडकवली. मग वळली.

“मला माहितीय,” ती म्हणाली. “आई मेली. मी हात लावून बघितलं ना. गार होती. तुला फोन मीच केला, विसरलास?”

दादा बघतच राहिला. “मग त्या बाईंना...”

“त्या परक्या! परक्याला सांगायचं का, मी घरात एकटी असते म्हणून? मग कोणीही येईल. तुला आईने शिकवलं नाही?” बेबीला खरोखर नवल वाटत होतं. एवढा शिकलेला माणूस आणि दाराचा साधा नियम माहीत नाही.

दादा मटकन खाली बसला. आधी हसला. ते हसणं मध्येच भलतीकडे गेलं आणि त्याचे डोळे भरून वाहायला लागले. “मला वाटलं... अगं, तू रडलीसुद्धा नाहीस. एकदाही नाही.”

“एवढे लोक होते.”

“ते गेल्यावर? मी एकटाच तर होतो.”

घरच्या माणसाशी खरं बोलायचं असतं. पण दादा घरचा होता का, याचाच तर ती इतके दिवस विचार करत होती. त्याला पेले कुठे असतात ते विचारावं लागायचं. तो बॅग घेऊन यायचा आणि बॅग घेऊन जायचा.

“तू बेल वाजवून येतोस,” ती शेवटी म्हणाली.

बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते दादाला जास्तच लागलं. त्याने नाक पुसलं, फोन काढला आणि संस्थेच्या बाईंना सांगितलं की जागा दुसऱ्या कोणाला द्या. चूक माझी झाली, असंही म्हणाला. बेबी ऐकत होती. फोन ठेवून तो म्हणाला, “सोमवारी लॉन्ड्रीत जा. काकू सकाळ-संध्याकाळ डोकावतील, मी रोज फोन करीन, महिन्यातून एकदा येईन. नाही जमलं तर मला खरं सांगायचं. आणि मी विचारीन. घाबरण्याच्या आधी विचारीन.”

“जमेल,” बेबी म्हणाली. “काही काही नाही जमणार. ते सांगीन.”

ती आईच्या खोलीत गेली. आईची पर्स खुंटीला होती तशीच होती. आतून तिने किल्ली काढली, बाहेर आली आणि दादाच्या पुढ्यात धरली.

“ही आईची. तिला आता नाही लागणार. तू घे.”

दादाने किल्ली घेतली. तिच्याकडे बघितलं, किल्लीकडे बघितलं. मग काय मनात आलं कोण जाणे, चपला न घालताच तो उठला, साखळी काढली, जिन्यात गेला आणि दार ओढून घेतलं. बेबी आत उभी होती. बेल वाजली नाही. किल्ली कुलपात दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा फिरली, आणि दार उघडून दादा घरात आला.

त्याने दार लावलं, साखळी लावली. घशातला गोळा तोवर वर आला होता. बेबीने तो गिळला नाही. ती दादाच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने, पोटभर रडली.