अर्ध्या चमकीचा कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. पण विद्यापीठातल्या काचेच्या पेटीत राहत असल्यामुळे मला कोट म्हणणारे इथे कुणी नाही. पेटीवरच्या पाटीनुसार मी ‘अभ्यासवस्तू क्रमांक चार’ आहे. क्रमांक तीन ही केसांची पिन आहे. आमचे फारसे पटत नाही. ती टोचून बोलते.

माझा जन्म एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी झाला. त्यांना सगळी गल्ली मावशी म्हणत असे, पण त्या खऱ्या मावशी एकाच मुलीच्या होत्या. मुलीची आई लवकर गेली, तेव्हापासून मावशींनीच तिला वाढवले. घरात तिला चिमणी म्हणत.

चिमणी गाणी रचायची आणि तिथल्या तिथे गायची. भांडी घासताना गायची, जिन्यात गायची. शेजारी दारे आपटून दाद देत. एकोणिसाव्या वर्षी तिला पहिल्यांदा मोठ्या रंगमंचावर गायला बोलावले, आणि घरात रडारड सुरू झाली, कारण घालायला धड काही नव्हते. मावशी तेव्हा एका हॉटेलचे पडदे शिवत होत्या. काम संपल्यावर जांभळी मखमल उरली. हॉटेलवाला म्हणाला, “राहू द्या तुम्हालाच.” त्यातून मी झालो. माझे सख्खे भाऊ अजून त्या हॉटेलच्या खिडक्यांना लटकत असतील. मी जरा पुढे गेलो.

तीन दिवसांत मावशींनी मला उभे केले. उजव्या बाहीवर खांद्यापासून मनगटापर्यंत चमकी लावली. डाव्या बाहीवर कोपरापर्यंत आल्या आणि चमकीची पुडी संपली. “गाणं ऐकायला येतात लोक, बाह्या मोजायला नाही,” असे म्हणून त्यांनी दोरा तोडला. शेवटची इस्त्री फिरवताना डाव्या कोपराला चटका बसला. तिथे हाताशी असलेल्या पिवळ्या कापडाचे ठिगळ लागले.

चिमणी मला घालून रंगमंचावर गेली. दिवे माझ्यावर पडले, आणि उजवी बाजू अशी काही लखलखली की पुढच्या रांगेतल्यांनी डोळ्यांवर हात धरले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने तिला ‘ठिणगी’ म्हटले. ते नाव तिला कायमचे चिकटले.

पुढची सात वर्षे माझ्या वैभवाची. गावोगावच्या मुली आपल्या कोटांच्या डाव्या बाहीवरची चमकी कातरून काढू लागल्या. शिंप्यांनी पाट्या लावल्या, ‘इथे अर्ध्या चमकीचे कोट शिवून मिळतील.’ एका मुख्याध्यापिकांनी शाळेत पिवळ्या ठिगळांवर बंदी घातली. त्यामुळे ज्यांनी ती लावली नव्हती, त्यांनीही लावली. घामाने माझे अस्तर खारवून गेले, पण मान ताठ होती.

मग ठिणगीचे दिवस आणखी चांगले आले आणि माझे संपले. तिला नवे कपडे मिळाले, मला पेटारा आणि डांबरगोळ्या मिळाल्या. नऊ वर्षे मी तिच्या मोठ्या घराच्या अडगळीच्या खोलीत घडी होऊन पडलो. मावशींचे नाव मी तिथे फारसे ऐकले नाही. सणासमारंभाला फोन होत असावेत.

एके दिवशी झाकण उघडले आणि मी विद्यापीठात आलो. तिथे ‘ठिणगी आणि समाज’ नावाचा अभ्यासक्रम सुरू झाला होता. शिकवणाऱ्या प्राध्यापिकाबाईंचे सारे आयुष्य जुने शिलालेख वाचण्यात गेले होते. शिलालेखांच्या वर्गाला तीन विद्यार्थी असत, त्यांतला एक वाट चुकून आलेला. ठिणगीच्या वर्गाला दोनशे ऐंशी आले. मुले पायऱ्यांवर बसत. इतिहासाचे एक वयस्कर सर होते. “उद्या शिट्टी वाजवण्याची पदवी काढा,” असे ते सगळ्यांना ऐकवत, आणि तासाच्या वेळी मात्र रोज न चुकता दाराबाहेर बुटाची नाडी बांधत उभे राहत. नाडी पाऊण तास बांधली जाई.

बाई हुशार होत्या, मनापासून शिकवत. माझ्या डाव्या बाहीवर त्यांनी तीन आठवडे घालवले. चमकी कोपरापाशी थांबते, हे म्हणे ‘अपूर्णतेचे सौंदर्य’ होते. पिवळे ठिगळ म्हणजे समाजाने दिलेली जखम होती. मुले भराभर लिहून घेत. इस्त्री, इस्त्री, असे मला ओरडून सांगावेसे वाटे. पण मित्रांनो, कोटाला गळा असतो, आवाज नसतो.

बुधवारचा तास बाहेरच्या लोकांनाही खुला असे. अशाच एका बुधवारी कापडी पिशवी सांभाळत मावशी आल्या. केस पांढरे झाले होते. मला पाहताच त्या भर वर्गात म्हणाल्या, “अगं बाई, काय चुरगळलाय हा!”

मुले हसली. मावशी शेवटच्या बाकावर बसल्या. बाईंनी पडद्यावर माझी माहिती दाखवली. ‘निर्मिती’ या शब्दापुढे लिहिले होते, ‘परदेशी वेशकार, नाव अज्ञात’.

मावशी उभ्या राहिल्या. “बाई, चुकलंय तिथं. हा कोट मी शिवलाय.”

“आजी, तुमच्याकडे काही पुरावा आहे?” बाईंनी अदबीने विचारले.

“आजी नका म्हणू, मावशी म्हणा. शिवण्याला कसला आलाय पुरावा? चमकी संपली म्हणून बाही अर्धी राहिली. कोपर इस्त्रीनं जळलं.”

दोनशे ऐंशी पेने थांबली. तीन आठवड्यांच्या टिपणांकडे मुले केविलवाण्या नजरेने पाहू लागली.

बाईंनी एक जुने मासिक उघडले. “पण ठिणगीनं स्वतःच मुलाखतीत सांगितलंय. हे बघा. ‘कोट परदेशातून शिवून आणला.’ विसाव्या वर्षीची मुलाखत आहे.”

“असं म्हणाली ती?” मावशींनी विचारले.

मावशींनी पिशवी उचलली. दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, “खांदे उसवून बघा. आत पॅड नाहीत. पोरीची लहानपणची कानटोपी मधोमध कापून भरलीय. तिच्यावर नाव भरलेलं होतं, मीच भरलं होतं.” आणि त्या निघून गेल्या.

हे खरे होते. ती लोकर मला सोळा वर्षे खाजत होती.

दगडावरचे पुसट अक्षर वाचण्यासाठी डोंगर चढलेल्या बाईंना, हाताशी असलेल्या खांद्यातले अक्षर स्वस्थ बसू देईना. त्यांनी परवानगीसाठी अर्ज केला. पाच जणांची समिती बसली. समिती सात आठवडे बसूनच होती. अखेर एकच खांदा उसवायला मंजुरी मिळाली, तोही डावा. पांढरे हातमोजे घालून, वर्गासमोर, बाईंनी माझी शिवण उसवली. आतून लाल लोकरीचा तुकडा निघाला. त्यावर पांढऱ्या दोऱ्याने दोन अक्षरे होती. ‘चिम’.

“चिमटा असेल,” समितीतले एक जण म्हणाले.

“चिमूटभर,” दुसरे म्हणाले.

“चिमणी असेल ना!” मागून एक मुलगी ओरडली.

“धुराडं!” समितीतलेच समाजशास्त्राचे सर टाळी वाजवून उठले. “गिरण्यांचं प्रतीक! मला वाटतच होतं!”

उजव्या खांद्यासाठी नवा अर्ज करावा लागेल, असे समितीने सांगितले. तेव्हा दाराशी नाडी बांधत असलेले इतिहासाचे सर ताडकन आत आले. “समिती गेली खड्ड्यात,” म्हणाले, आणि खिशातल्या पेन्सिल तासायच्या पात्याने त्यांनी माझा उजवा खांदा उघडला. त्यातून दुसरा तुकडा निघाला. ‘णी’.

बाईंनी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले. लोकरीची वीण धाग्याला धागा जुळली. वर्गाने बाके बडवली. संध्याकाळी बाई स्वतः मावशींच्या घरी गेल्या. हे मला नंतर त्यांच्याच तोंडून कळले. “उसवला आम्ही,” त्या म्हणाल्या होत्या, “पण शिवायला तुम्हीच हव्यात.”

पुढच्या बुधवारी मावशी सुईदोरा घेऊन आल्या. मला मांडीवर घेऊन त्यांनी डावा खांदा शिवायला घेतला. शेवटचा टाका पडत असताना दारात कुणीतरी उभे राहिले. चेहरा झाकणारा मोठा काळा चष्मा होता, त्यामुळे सगळ्यांनी तिला लगेच ओळखले. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

ठिणगी पायऱ्यांवरच्या मुलांमधून वाट काढत खाली आली.

“मावशी, मी तेव्हा वीस वर्षांची होते गं. सगळ्यांचे कपडे मोठमोठ्या ठिकाणचे. पडद्याचं कापड आहे, असं सांगायची लाज वाटली.”

मावशींनी मान वर केली नाही. “पडद्याची लाज वाटली, की माझी?”



“दोन्हींची,” ठिणगी म्हणाली.

मावशींनी दोरा दाताने तोडला. बराच वेळ त्या माझ्या खांद्यावरून हात फिरवत राहिल्या. मग सरकून बाकावर जागा केली. “खरं बोललीस ते बरं झालं. बस. डावा मी शिवलाय, उजवा तू शिव.”

“मला कुठं येतं?”

“म्हणून तर.”

हजारोंपुढे न डगमगणारी ठिणगी त्या दिवशी सुईत दोरा ओवताना सहा वेळा चुकली. दोनदा बोट टोचून घेतले. मावशी शेजारून म्हणत होत्या, “घट्ट नको ओढूस, गुदमरतो तो.” पाऊण तास लागला. कुणी एक ओळही लिहून घेतली नाही. बाई चष्मा पुसत राहिल्या. इतिहासाचे सर खाली वाकले आणि त्यांनी नाडी खरोखरच बांधली.

तेव्हापासून माझा उजवा खांदा अर्धे बोट वर चढलेला आहे. पुढच्या पिढीचे अभ्यासक त्यातून काय अर्थ काढतील, या विचाराने मला आत्ताच घाम फुटतो.

माझी पाटी बदलली. बाईंनी तिच्यावर मावशींचे पूर्ण नाव घातले. खाली ‘कापड : हॉटेलच्या पडद्यांचे’ ही ओळ ठिणगीने सांगून लिहून घेतली. अभ्यासक्रमही बदलला. आता परीक्षेत शेवटचा प्रश्न बटण लावण्याचा असतो, आणि तो तपासायला मावशी येतात. गेल्या वर्षी हौसेने परीक्षेला बसलेल्या प्राध्यापिकाबाई त्यात दोनदा नापास झाल्या.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. जुन्या कपड्यांना डांबरगोळ्यांच्या भरवशावर सोडू नका, अधूनमधून ऊन दाखवा. त्यांच्या ठिगळांना हसू नका, आणि त्यांच्यावर फार मोठे निबंधही लिहू नका. आज घरी गेलात की अंगातला सदरा काढून उलटा करून पाहा. आत टाके असतात. कुठेतरी एक बारीकशी गाठ असते. ती कुणी मारली हे तुम्हाला ठाऊक असेल, तर चारचौघांत त्या माणसाचे नाव सांगताना कधी अडखळू नका.