कणगीतली वही

मित्रांनो, मी एक जुनी दोनशेपानी वही आहे. शहाद्याच्या स्टँडजवळ आशाने मला विकत घेतलं, तेव्हा दुकानदाराने माझ्या कव्हरवर आपला निळा शिक्का मारला. त्या शिक्क्यानेच पुढे माझा घात केला.

आशा शहाद्यात नर्स. नेदरलँड्सला नोकरी मिळावी म्हणून ती मोबाइलवर डच शिकायची आणि माझ्यात लिहायची. ‘इक वास मे’, मी स्वतःला धुते. ‘हाय वास्त झिख’, तो स्वतःला धुतो. आपलं क्रियापद निवांत शेवटी येतं, डचमध्ये मात्र ते दुसऱ्याच जागेवर ठाण मांडतं. बिचारी सारखी चुकायची, खोडायची. पान फाटतं की काय, अशी मला धास्ती वाटायची.

परीक्षेआधी ती मोलगीला घरी आली. तिचे वडील जालमसिंग यांना वाचता येत नाही. त्यांनी शिक्का पाहिला, परकी अक्षरं पाहिली. एकदा मुकादमाच्या अशाच कागदावर अंगठा देऊन ते गुजरातेत ऊसतोडीला अडकले होते. पोरगीही अडकली, असं त्यांना वाटलं. त्यांनी मला ज्वारीच्या कणगीत खोल पुरलं.

काय सांगू, मित्रांनो! नुसता काळोख आणि उंदरांची कुरतड. माझा एक कोपरा गेला. बाहेर आशा रडत मला शोधत होती. सकाळच्या जीपने तिला परीक्षेला जायचं होतं, आणि मला ओरडता येत नव्हतं.

शेवटी तिची आई तुळशीबाई ज्वारी काढायला आली, तेव्हा मी तिच्या हाताला लागले.

“बा, तू लपवली?”

“मुकादम नेईल तुला.”

“अरे, हा माझा अभ्यास आहे!”

“मंग वाच. पयल्यापासून.”

आशा वाचत गेली, अर्थ सांगत गेली. मी स्वतःला धुते. मी चुकते. मी काळजी करते.

“काळजी तर मी बी करतो,” जालमसिंग हळूच म्हणाले. सकाळी जीप सुटताना ते खिडकीशी धावले. “कुठं अंगठा देऊ नको. आधी वाच!”

आशा पास झाली. काल नेदरलँड्सहून नोकरीचा खराखुरा करार आला, शिक्क्यासकट. मला पुन्हा धडकी भरली आहे. जालमसिंग शेजारी बसलेत, आणि आशा माझी पानं उलटत कराराच्या एकेका ओळीचा अर्थ लावते आहे.

मित्रांनो, कागदाची भीती वाटली तर तो लपवू नका. वाचा. ज्याला येत नाही, त्याला वाचून दाखवा.

आशाने अजून सही केलेली नाही. तिसरं पान चालू आहे.