संभाजीचा पहिला वाढदिवस

दारू सुटली की माणूस नव्यानं जन्मतो, म्हणून दारू सोडवणाऱ्या ग्रुपमध्ये त्या दिवसापासून वाढदिवस धरतात. एक वर्ष कोरडं गेलं की केक आणतात आणि बायकोला पुढं बोलावून चार शब्द बोलायला लावतात. रविवारी सकाळी संभाजीचा पहिला वाढदिवस होता आणि गुरुवारी तो प्यायला होता.

हे त्याच्या बायकोला, नंदाला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

ग्रुप शोधला तिनंच. गेल्या साली संभाजीनं दारूच्या नशेत आयटीतल्या मुलींनी भरलेली गाडी हिंजवडीच्या रस्त्यावर दुभाजकावर घातली. एका पोरीचा जबडा तुटला. गाड्यांचा ठेकेदार दत्तप्रसादशेठ. त्यानं ब्रेक फेल झाल्याचं लिहून दिलं, पोरीच्या बापाला गप्प केलं आणि संभाजीला सांगितलं, "वर्षभर कोरडा राहा, मग तोंड दाखव."

नंदा मार्केट यार्डात कांदा निवडायला जायची. पेपरातला पत्ता फाडून तिनं पदराला बांधला आणि मंडईमागच्या गल्ल्यांत, ग्रुप भरतो ती शाळा विचारत फिरली. एका दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "दारू सोडवतात तीच ना? कोण पितं, आपण का?"

"अजून नाही," नंदा म्हणाली. "पत्ता नाही सांगितलात तर प्यायला लागेन."

त्यानं बोट दाखवलं.

त्या गुरुवारपर्यंत संभाजी खरंच कोरडा होता. हे खोटं नव्हे. रविवार चुकवला नाही, पोरांवर हात टाकला नाही. पण गुरुवारी संध्याकाळी आल्या आल्या त्यानं डोक्यावरून गार पाणी घेतलं. प्यायला की तो आधी आंघोळ करायचा. सोळा वर्षं ती तो पाण्याचा आवाज ओळखत होती. मोरीतल्या पिंपामागं अर्धी क्वार्टर सापडली. ती होती तशी ठेवून ती भाकऱ्या थापायला बसली.

रविवारी शाळेच्या फाटकाशी संभाजीनं तिचं मनगट धरलं. जरा जास्तच घट्ट.

"लांबण लावू नको. सुधारले म्हणायचं अन् खाली बसायचं. शेठ आलाय गाडीची किल्ली घेऊन."

वर्गात पंचवीस-तीस माणसं लहान पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसली होती. ग्रुप चालवायचे श्यामसुंदरकाका, पोस्टातले रिटायर, अठरा वर्षांचे कोरडे. पाहुण्यांच्या खुर्चीत दत्तप्रसादशेठ घड्याळ बघत होता.

"मी संभाजी, एक बेवडा."

"नमस्कार, संभाजी!" सगळे एका सुरात म्हणाले.

तो छान बोलला. रडलासुद्धा. मग काकांनी नंदाला पुढं बोलावलं.

नंदानं त्याच्याकडं बघितलं नाही. "गुरुवारी प्यायलेत हे. बाटली मोरीत आहे. शेठ, ह्यांच्या हातात गाडी देऊ नका. माणसं मरतील."

काकांनी केकवरची मेणबत्ती हळूच उपसून घेतली.

"खरंय, संभाजी?"

"येडी झालीय ती." मग जमिनीकडं बघत, "एकदाच घेतली."

"मग आज पहिला दिवस. लाजायचं काही नाही. इथं निम्मे लोक दोनदा जन्मलेत."

तेवढ्यात शेठ हसला. "काका, तुमचं कीर्तन चालू द्या. वहिनी, अहो, एका गुरुवारचं काय घेऊन बसलात? कंपनीनं उद्यापासून तीन गाड्या वाढवल्यात. ड्रायव्हर काय झाडाला लागतात?" आणि त्यानं किल्ली बाकावर टाकली.

"उचलू नकोस," काका म्हणाले. "संभाजी, ऐक माझं."

हिंजवडीत काचेचे मजले चढत होते आणि प्रत्येक मजल्यासाठी माणसं वाहून न्यावी लागत होती. कोण वाहतंय हे बघायला कोणाला वेळ नव्हता. संभाजीनं किल्ली उचलली, खिशात टाकली. जाताना नंदाच्या कानाशी वाकून तो एवढंच म्हणाला, "तुझं नंतर बघतो."

तो घरी आला नाही. त्या दिवशी नाही, रात्री नाही.

सोमवारी सहाला नंदा स्वारगेटच्या थांब्यावर गेली. पांढरी गाडी उभी होती. इस्त्रीच्या कपड्यात संभाजी कोणाशी तरी मोठमोठ्यानं हसत होता. चढताना पायरीवरून त्याचा पाय घसरला, दुसऱ्यांदा बसला. आत सात-आठ पोरी. नंदानं खिडकीवर थापा मारल्या. "बाळ, उतर खाली! ड्रायव्हर प्यायलाय!" कानात वायरी घातलेल्या पोरीनं तिच्या फाटक्या पदराकडं बघितलं, 'सुटे नाहीत' अशी मान हलवली आणि काच सरकवून घेतली.

गाडी निघाली. मागच्या काचेखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: ड्रायव्हर नीट चालवत नसल्यास फोन करा. नंदा नंबर मोठ्यानं घोकत रस्ता ओलांडून पळाली, पानाच्या टपरीवरच्या फोनच्या डब्यात रुपया टाकला, दहा आकडे दाबले.

रिंग वाजली. कोणीतरी लगेच उचलला.

"हं, बोला," दत्तप्रसादशेठ म्हणाला.